रानातून आलेला गिटारवाला : मांगोरे

मित्रांनो, आज तुम्हांला एका गिटारवाल्याची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी एका गॅदरिंगची गोष्ट सांगतो. ही गोष्ट छोटीशीच आहे, पण तिच्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

गेल्या हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचा योग आला. संध्याकाळी कार्यक्रम, दुपारी रंगीत तालीम. आठवीची मुलं रेला नाच बसवत होती. सरांनी तालुक्याच्या गावाहून पुठ्ठ्याचे मुकुट आणले होते आणि त्यांवर रंगीत कागदाची पिसं डकवली होती. सगळ्यांनी मुकुट घातले. एकानं मात्र हातातच धरून ठेवला.

"काय रे, घाल की!" सर म्हणाले.

"मी नाही घालत जी सर."

"का? लाज वाटते?"

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडे सणाला आजा डोक्याला पिसं लावते. खरीवाली. ही तर कागदाची आहेत. अन् आज सण बी नाही."

मुलं हसली. सरांनाही काय बोलावं ते सुचेना. त्या मुलाला गाणं म्हणायचं होतं, गळाही छान होता. पण मुकुट घालायचा नव्हता. आता करायचं काय?

त्या क्षणी मला आठवला पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाचा एक माणूस. त्यानंही एकदा डोक्यावर पिसं घातली होती, आणि पुढं ती उतरवलीही होती. त्याचं नाव आगुस्तीन बारियोस. गिटारसाठी ज्यांनी उत्तमोत्तम रचना केल्या, अशा जगातल्या मोजक्या संगीतकारांत त्याची गणना होते.

दोन भाषांचा देश

नकाशा काढा बरं! दक्षिण अमेरिकेच्या पोटात, ब्राझील, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया यांच्या मधोमध एक देश दिसेल. पॅराग्वे त्याचं नाव. त्याला समुद्रकिनारा नाही. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या सव्वापट-दीडपट असेल, पण लोकसंख्या मात्र आपल्या तुलनेत अगदीच थोडी, जेमतेम साठ-सत्तर लाखांच्या घरात. मोठ्या नद्या, लाल माती, दमट उन्हाळा आणि घनदाट रानं.

या देशाची एक गोष्ट मला फार आवडते. तिथं स्पॅनिश लोकांनी राज्य केलं, त्यामुळं स्पॅनिश भाषा आली. पण तिथल्या मूळच्या आदिवासींची ग्वारानी भाषा काही मेली नाही. आजही तिथले बहुसंख्य लोक, मग ते आदिवासी असोत वा नसोत, ग्वारानी बोलतात. १९९२ च्या राज्यघटनेनं तर तिला स्पॅनिशच्या बरोबरीनं राजभाषेचा मान दिला. इतकंच काय, तिथल्या पैशालाही 'ग्वारानी' म्हणतात. आपल्याकडं रुपया, तसा तिथं ग्वारानी. म्हणजे बघा, आपल्या नोटेला गोंडी किंवा माडिया भाषेचं नाव असतं तर कसं वाटलं असतं?

या देशाच्या दक्षिणेला मिसिओनेस नावाचा भाग आहे. तिथं ५ मे १८८५ रोजी आगुस्तीनचा जन्म झाला. त्याच्या जन्माआधी पंधरा वर्षं एक भयंकर युद्ध संपलं होतं. १८६४ ते १८७० अशी सहा वर्षं पॅराग्वे एकटा तीन शेजाऱ्यांशी लढला. त्यात देशातली इतकी माणसं मेली, की गावंच्या गावं ओस पडली. अशा होरपळलेल्या देशात हे पोर वाढत होतं. घर भरलेलं होतं, भावंडं पुष्कळ होती आणि घरात गाण्याची, वाचनाची आवड होती. गिटार तर तिथं घरोघरी असते. आपल्याकडं भजनी मंडळात जशी पेटी, तशी.

गुस्ताव्हो सोसा एस्कालादा नावाच्या गिटारशिक्षकांच्या कानावर या मुलाचं वाजवणं पडलं आणि त्यांनी ओळखलं, की हे पाणी काही वेगळंच आहे. त्यांच्यामुळं किशोरवयातच आगुस्तीन राजधानीला, म्हणजे आसुन्सिओनला आला. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयात शिकू लागला. गिटारबरोबर गणित, साहित्य, चित्रकला अशा सगळ्यांत त्याला रस होता. तो कविताही करायचा.

गिटार म्हणजे नेमकं काय?

थांबा, थोडं गिटारबद्दल बोलू. सिनेमात हिरो गळ्यात अडकवून नाचतो ती गिटार तुम्ही पाहिली असेलच. पण आपण ज्या गिटारबद्दल बोलतोय ती मांडीवर घेऊन, खाली बसून, बोटांनी छेडायची गिटार. तिला ना विजेची वायर लागते, ना पिक नावाचा प्लॅस्टिकचा तुकडा. पाचही नव्हे, उजव्या हाताची चारच बोटं कामाची, करंगळी सुट्टीवर!

सहा तारा, लाकडाची पोकळ पेटी आणि लांब मान. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. सतारीलाही असतात, तसेच. तार कुठं दाबाल त्यावर तिची वाजणारी लांबी ठरते. लांबी कमी केली की सूर चढतो. तार बरोबर निम्म्यावर, म्हणजे बाराव्या पडद्यावर दाबली, की तोच सूर एक सप्तक वर ऐकू येतो. साऱ्या तंतुवाद्यांची गंमत या एका नियमात आहे.

आता एक गोष्ट सांगतो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांनी कान टवकारून ऐकावं अशी. गिटारची वरची फळी असते देवदार जातीच्या किंवा स्प्रूसच्या हलक्या लाकडाची. ती थरथरते आणि आवाज मोठा करते. पण मागची आणि बाजूची फळी लागते जड आणि टणक. त्यासाठी जगभरचे गिटार करणारे कारागीर ज्या लाकडावर जीव टाकतात, त्यात आपला शिसव आहे! होय, तोच काळसर, जांभळट झाक असलेला शिसव. आलापल्ली, भामरागडच्या रानात सागाच्या शेजारी उभा असतो तो. पूर्वी ब्राझीलमधला शिसव वापरत. तोडून तोडून तो संपायला आला, त्याच्या व्यापारावर निर्बंध आले, आणि मग हिंदुस्थानी शिसवाला मागणी वाढली. परदेशात जाणारं शिसवाचं लाकूड मुख्यतः दक्षिण भारतातलं असतं. पण झाडाची जात तीच. आणि म्हणूनच आता आपल्या शिसवालाही जपावं लागतं. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही देखरेख आली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी रानात शिसव दिसला, तर त्याच्या खोडावर हळूच टिचकी मारून बघा. आत एक गिटार झोपलेली असेल!

धातूच्या तारा आणि हेटाळणी

१९१० साली पंचविशीतला आगुस्तीन थोड्या दिवसांचा दौरा करू म्हणून अर्जेंटिनात गेला. आणि गंमत बघा, तो थोड्या दिवसांचा दौरा कित्येक वर्षं लांबला! अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील, चिली. आज या गावात, उद्या त्या गावात. कधी मोठं नाट्यगृह भरायचं, कधी चार-दोन माणसं समोर असायची.

आपल्याकडं झाडीपट्टीची नाटकं बघितलेल्यांना हे आयुष्य ओळखीचं वाटेल. धानाची कापणी झाली, की वडसा-देसाईगंजहून नाटकमंडळ्या निघतात. आज एका गावात रात्रभर प्रयोग, उद्या दुसऱ्या गावात. दिवसा झोप, रात्री रंगमंच. पहाट होईस्तोवर लोक कांबळं पांघरून बसलेले. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उभ्या विदर्भाला आनंद झाला. त्यांनी ज्या रानोमाळी संसार मांडला, तसाच आगुस्तीननं गिटारच्या पेटीत मांडला होता. फरक इतकाच, की याची मंडळी म्हणजे तो एकटा.

त्याच्या गिटारच्या तारा मात्र वादाचा विषय होत्या. त्या काळी चांगले वादक मेंढीच्या आतड्याच्या तारा वापरत. (नायलॉनच्या तारा १९४० च्या दशकाच्या अखेरीस आल्या, त्या आगुस्तीनला मिळाल्याच नाहीत.) आतड्याच्या तारेचा सूर गोड, पण ती महाग. दमट हवेत फुगते, सैल पडते, पटकन तुटते. पॅराग्वेच्या रानात ती कुठून आणायची? म्हणून आगुस्तीन लहानपणापासून धातूच्या तारांवर वाजवायचा. पण धातूची तार जरा कर्कश वाजते. यावर त्यानं युक्ती काढली. तारा जिथं पेटीला बांधतात तिथं रबराचे बारीक तुकडे बसवले. झालं! कर्कशपणा गेला, सूर मऊ झाला.

मोठमोठ्या शहरांतली जाणकार मंडळी मात्र नाक मुरडायची. धातूच्या तारा? हे तर गावठी काम! वाजवणं ऐकायच्या आधी तारांकडे बघायची. असा अनुभव तुम्हांलाही आला असेल. तुम्ही काय बोलता ते ऐकण्याआधी तुमची बोली ऐकून कुणी हसलं असेल. शहरातल्या शाळेत गेलेल्या झाडीबोलीच्या पोरांना हे मुद्दाम सांगायची गरज नाही.

पण ग्रामोफोनचं यंत्र कुणाची तार कसली ते विचारत नाही. १९१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याच्या तबकड्या निघाल्या. जगात ज्यांनी सगळ्यांत आधी गिटारच्या तबकड्या काढल्या, त्यांत आगुस्तीन अगदी पुढं होता. तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची, त्यात खरखर फार. तरी आजही त्या ऐकल्या, की वाजवणाऱ्या बोटांची चपळाई चकित करते.

मधमाश्या, चर्च आणि रानातलं स्वप्न

तो नुसता वाजवत नव्हता, रचत होता. तीनशेच्या आसपास रचना त्यानं केल्या असं सांगतात. त्यांपैकी शंभराहून अधिक आज हाती आहेत. त्यातल्या काहींची ओळख करून घेऊ.

'लास आबेहास' म्हणजे 'मधमाश्या'. नावाप्रमाणेच! बोटं इतक्या भरभर पळतात, की पोळ्याजवळ कान नेल्यासारखं वाटतं. तेंदूच्या हंगामात रानात गेलेल्या मुलांनी डोळे मिटून ऐकावं.

'ला कातेद्राल' म्हणजे 'मोठं चर्च'. ही १९२१ मध्ये उरुग्वेत रचली. उरुग्वेत एका चर्चमध्ये त्यानं जर्मन संगीतकार बाखचं संगीत ऐकलं, त्यावरून ती सुचली असं म्हणतात. त्याचा एक भाग शांत, घंटा वाजाव्यात तसा. दुसऱ्या भागात भराभर सूर, जणू माणूस चर्चमधून बाहेर पडून पुन्हा बाजाराच्या गर्दीत आला. सतरा वर्षांनी, १९३८ मध्ये, क्यूबातल्या हवाना शहरी असताना त्यानं याला आणखी एक सुरुवातीचा भाग जोडला. एखादी गोष्ट पुरी झाली असं वाटल्यावरही सतरा वर्षं मनात घोळत राहते, हे बघा!

आणि माझी सगळ्यांत आवडती, 'उन सुएन्यो एन ला फ्लोरेस्ता', म्हणजे 'रानातलं एक स्वप्न'. ही ऐकताना वाटतं, दोन गिटारी वाजताहेत. पण गिटार एकच असते! ही 'त्रेमोलो'ची करामत. अंगठा खालच्या जाड तारांवर सावकाश चालतो. त्याच वेळी अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एका बारीक तारेवर एकापाठोपाठ एक इतक्या वेगानं आघात करतात, की सुटे सूर वेगळे ऐकूच येत नाहीत. पावसाच्या थेंबांची धार व्हावी तशी सुरांची धार होते. अंगठ्याचं एक गाणं, बाकी तिघांचं दुसरं.

याच रचनेत एक गंमत आहे. तीत एका जागी इतका वरचा सूर लागतो, की तो वाजवायला विसावा पडदा लागतो. आणि नेहमीच्या गिटारला पडदे असतात एकोणीस! आगुस्तीनच्या गिटारला वीस होते. म्हणून आजही ही रचना वाजवायची असेल, तर कित्येक वादकांना तो सूर मिळवण्यासाठी काही ना काही युक्ती करावी लागते. वाद्य जिथं संपतं त्याच्या एक पाऊल पुढं जाऊन या माणसाचं स्वप्न संपत होतं!

पिसांचा मुकुट

१९२२ च्या सुमारास तो पॅराग्वेला परतला. तीनेक वर्षं राहिला. पण मायदेशात म्हणावा तसा आधार मिळाला नाही. १९२५ मध्ये तो पुन्हा निघाला आणि मग जिवंतपणी कधीच परतला नाही.

त्यानंतरचे दिवस ओढाताणीचे होते. गिटारचा कार्यक्रम ऐकायला लोक येईनात. तेव्हा, १९३० च्या सुमारास ब्राझीलमध्ये, त्यानं एक अजब गोष्ट केली. त्यानं आपलं नावच बदललं. 'आगुस्तीन' हे नाव रोमन अक्षरांत लिहून उलटं वाचलं तर होतं 'नित्सुगा'. आणि आडनाव घेतलं 'मांगोरे'. मांगोरे हा स्पॅनिश लोकांशी लढलेला सोळाव्या शतकातला एक आदिवासी सरदार. दंतकथांमधून लोकांना तो माहीत होता. म्हणजे समजा, आपल्याकडच्या एखाद्या कलावंतानं वीर बाबुराव शेडमाके यांचं नाव धारण करून रंगमंचावर यावं, तसं. (बाबुरावांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे तुम्हांला ठाऊकच आहे.)

नुसतं नावच नाही. डोक्यावर पिसांचा मुकुट, अंगावर आदिवासी सरदाराचा वेष, रंगमंचावर बांबू आणि ताडाची झावळं. जाहिरातीत लिहिलं जाई, की पॅराग्वेच्या जंगलातून आलेला गिटारचा पागानिनी! (पागानिनी हा इटलीचा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक.) हा नित्सुगा मांगोरे लोकांना एक कहाणी सांगे. रानात देवानं आपल्याला एक गूढ पेटी दिली, आणि तिच्या सहा तारा म्हणजे चंद्राचे सहा रुपेरी किरण.

लोकांनी गर्दी केली! जे नुसत्या बारियोसला ऐकायला येत नव्हते, ते मांगोरेला बघायला आले. नीट वाचा हं. बघायला आले.

आता सांगा, यानं चूक केली की बरोबर? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एका बाजूनं पाहिलं, तर त्या काळी शहरातले लोक आदिवासींना रानटी म्हणत. अशा वेळी एक माणूस पिसं घालून रंगमंचावर येतो आणि बाखचं अवघड संगीत अस्खलित वाजवून दाखवतो. बघणाऱ्यांची बोलती बंद! तो जणू विचारत होता, रानटी कोण? ग्वारानी तो लहानपणापासून बोलत होता. त्या मातीचा त्याला अभिमान होता आणि तो खरा होता.

पण दुसरी बाजूही आहे. ती पिसं रोजची नव्हती. ती तिकिटं खपवायची पिसं होती. लोक सुरांपेक्षा पिसांचीच चर्चा करू लागले. काही जाणकारांना हा सारा तमाशा वाटला आणि त्यांनी त्याचं वाजवणं मनावर घेतलंच नाही. आधी तारांमुळं ऐकलं नाही, आता पिसांमुळं!

१९३४ मध्ये मेक्सिकोत पॅराग्वेचे राजदूत तोमास सालोमोनी यांची आणि त्याची गाठ पडली. त्यांनी त्याला आग्रह केला, हा वेष सोड, साध्या कपड्यात वाजव. त्यानं ऐकलं. पिसं उतरली. मग सालोमोनी कुटुंबाबरोबर तो युरोपात गेला. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स इथल्या नामांकित संगीत विद्यालयात त्यानं वाजवलं, साध्या काळ्या सुटात. लोकांनी ऐकलं. या वेळी खरोखर ऐकलं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पिसं त्यानं उतरवली, नाव नाही उतरवलं. 'नित्सुगा' गेला, 'मांगोरे' राहिला. पुढं तो स्वतःला आगुस्तीन बारियोस मांगोरे म्हणवू लागला. आईबापानं दिलेलं नाव आणि रानातलं नाव, दोन्ही एकत्र. जगानं त्याला याच नावानं लक्षात ठेवलं.

दारावरची थाप

पुढं त्याचं हृदय दुखणाईत झालं. शेवटची काही वर्षं तो मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या चिमुकल्या देशात राहिला. राजधानी सान साल्वादोरच्या संगीत विद्यालयात शिकवू लागला. शिष्य जमले, त्यांच्यावर त्याचा जीव होता.

१९४४ सालची गोष्ट सांगतात ती अशी. तो घरी एका शिष्याला शिकवत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. टक् टक्... टक् टक्. दारात एक म्हातारी उभी. देवाच्या नावानं भिक्षा मागत होती. म्हातारी गेली, पण ती थाप त्याच्या कानातून जाईना. त्यातून एक रचना जन्मली. तिचं नाव 'देवाच्या प्रेमासाठी एक भिक्षा'. तीत तोच त्रेमोलो आहे, सुरांची ती संततधार. आणि खाली, अंगठ्याच्या तारांवर, मधूनमधून ती थाप ऐकू येत राहते. कुणीतरी दार वाजवतंय. अजून वाजवतंय.

ही त्याची शेवटची रचना. ७ ऑगस्ट १९४४ रोजी तो गेला. वय एकोणसाठ. हातात पैसा नव्हता. त्याची समाधी सान साल्वादोरमध्येच आहे.

आणि मग तो विसरला गेला! कारण काय असेल? एक कारण फार साधं आहे. त्यानं रचना लिहिल्या, त्या मित्रांना देऊन टाकल्या, इथं-तिथं ठेवल्या. छापल्या फार थोड्या. कागद विखुरले, काही हरवले. हरवलेल्या रचना आपल्याला आता कधीच ऐकायला मिळणार नाहीत. जे उरलं, ते शिष्यांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळं आणि त्या खरखरत्या तबकड्यांमुळं. रिचर्ड स्टोव्हर नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकानं देशोदेशी हिंडून ते कागद गोळा केले, तबकड्या ऐकून ऐकून सूर उतरवून काढले आणि १९७० च्या दशकात छापले. १९७७ मध्ये जॉन विल्यम्स या थोर गिटारवादकानं फक्त मांगोरेच्या रचनांची एक मोठी तबकडी काढली. जग थक्क झालं. हा माणूस इतकी वर्षं होता कुठं?

आज तुम्ही पॅराग्वेला गेलात आणि पन्नास हजार ग्वारानीची नोट हातात घेतलीत, तर तिच्यावर एक चेहरा दिसेल. राजाचा नाही, सेनापतीचा नाही. एका गिटारवाल्याचा. आपल्या मांगोरेचा! ज्याच्या हाती शेवटी पैसा नव्हता, त्याचं चित्र पैशावर.

आणि त्या पोराचं काय झालं?

विसरलो नाही मी! त्या दिवशी दुपारी मी सरांना ही सगळी गोष्ट सांगितली. तो पोरगाही खांबाला टेकून ऐकत होता. सर जरा वेळ मुकुटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तू मुकुट नको घालू. नुसतं गाणं म्हण. पण एका अटीवर. गाण्याचा अर्थ तू स्वतः मराठीत सांगायचा."

रात्री स्टेजवर बाकीची मुलं मुकुट घालून नाचली. छानच नाचली, त्यांना मजा येत होती. मग हा आला. शाळेचा गणवेश, पायात स्लीपर. त्यानं माडियात गाणं म्हटलं. वाद्य नाही, काही नाही. मग अर्थ सांगताना मध्येच अडला. एका शब्दाला मराठीत शब्दच सापडेना. त्यानं समोर बसलेल्या आज्याकडे बघितलं. आज्यानं बसल्या जागेवरून ओरडून काहीतरी सांगितलं आणि सगळी माडिया माणसं खो खो हसली. आम्हांला काही कळलं नाही. पण त्या रात्री पहिल्यांदाच असं झालं, की विनोद त्यांना कळला आणि आम्ही नुसते बघत राहिलो!

दुसऱ्या दिवशी निघताना तो पोरगा वही घेऊन आला. त्यात आज्याची तीन गाणी देवनागरीत लिहिलेली होती. "आजाला अजून लय येतात," तो म्हणाला. "सुट्टीत लिवतो."

दोस्तांनो, मांगोरेच्या हरवलेल्या रचना आता कुणालाच सापडायच्या नाहीत. पण तुमच्या घरात आजी-आजा आहेत ना? त्यांची गाणी अजून हरवलेली नाहीत. एक वही पुरते.

करून पाहा

बुटाचं रिकामं खोकं घ्या. झाकणाला मधोमध गोल भोक पाडा. खोक्यावर जाड-बारीक अशी सहा रबरं ताणून बसवा. भोकाच्या दोन्ही बाजूंना रबरांखाली एकेक पेन्सिल आडवी सरकवा. झाली तुमची गिटार!

आता रबर छेडा आणि आवाज ऐका. मग तेच रबर दोन पेन्सिलींच्या बरोबर मध्यावर बोटानं दाबा आणि अर्धाच भाग छेडा. सूर किती चढला? जाड रबराचा सूर खाली का, बारीकचा वर का? खोक्याऐवजी नुसत्या फळीवर रबरं लावली, तर आवाज लहान का होतो? वहीत लिहून ठेवा आणि विज्ञानाच्या सरांना दाखवा.

आणि हो, जमलं तर अंगठा एका रबरावर आणि उरलेली तीन बोटं दुसऱ्या रबरावर चालवून त्रेमोलो करून बघा. पहिल्या दिवशी जमणार नाही. मांगोरेलाही जमला नसेल!